हाकेचं नाव

कामरगाव
कार्तिक वद्य पंचमी, सन १९३५

चि. सौ. रुख्मिणीला सासूचे पोटभर आशीर्वाद आणि त्या नव्या पाहुण्याला पापा.

इकडे सगळं ठीक आहे. तिकडे तुम्ही दोघं ठीक असाल असं मी धरून चालते, कारण जगदेव रिसोडहून परत आल्यापासून बाळाचं नाक, बाळाचे कान आणि बाळाच्या जांभया यापलीकडे काही सांगत नाही. तुझी तब्येत कशी आहे म्हणून विचारलं तर म्हणाला, "चांगलीच असन." बाप झाला म्हणून शहाणा झाला असं काही दिसत नाही. त्याच्याबरोबर पाठवलेले डिंकाचे लाडू तू स्वतः खा. माहेरच्या माणसांना वाटत बसशील, तुझा हात सढळ आहे हे मला माहीत आहे.

कपाशीची पहिली वेचणी चालू आहे. गाय व्यायली, कालवड झाली. गोमतीबाई रोज कुंपणापलीकडून विचारते की नातवाचा रंग कोणावर गेला, आणि मी रोज सांगते की अजून लाल आहे, उतरला की कळवते.

बारसं सव्वा महिन्यानं तिकडंच करायचं ठरलं, ते बरं झालं. तोवर इकडची माणसं मोकळी होतील. मी मात्र येणार नाही. आले तरी मला पाळण्याला हात लावायचा नाही, ओटी भरायची नाही. मग नुसतं भिंतीला टेकून बसायला इतक्या लांब कशाला यायचं? तू वाईट वाटून घेऊ नकोस. पण नावाबद्दल मला बोलायचं आहे आणि ते आताच बोललेलं बरं.

नाव ठेवताना लोक पंचांग पाहतात, रास पाहतात. गाव त्या नावाचं पुढे काय करील ते कोणी पाहत नाही. पांडुरंग ठेवलंस तर पांड्या होणार, हे आजच लिहून ठेव. यशवंतचा येशा होतो. बळीरामचा बळ्या होतो आणि मग तो रांगायच्या आधीच मारामाऱ्या करू लागतो. मोतीराम मला फार आवडतं, पण दोन घरं सोडून मोत्या नावाचा कुत्रा आहे. मी भाकरीला हाक मारीन तेव्हा तो आधी पोचेल आणि आपलं पोरगं उपाशी राहील. सदाशिवचा सदू होतो, ते त्यातल्या त्यात बरं, पण आपल्या गावात चार सदू आहेत आणि चौघंही आळशी.

मला विचारशील तर माणिक ठेव. रागावलीस तर माणक्या म्हण, लाडात आलीस तर माणकू म्हण, आणि दिवेलागणीला दारात उभं राहून अख्खं नाव घेऊन हाक मार. तोंडात मावतं आणि लांबवर जातं. मी परवा गोठ्यात एकटी असताना दोनतीनदा म्हणून पाहिलं. गाईनंही मान वर केली.

दौलतरावभाऊजी म्हणतात की नाव ठरलेलंच आहे, आजोबांचं. तुझ्या मामंजींना जाऊन वर्ष व्हायच्या आत घरात मुलगा आला, म्हणजे तेच परत आले, असं सगळेच म्हणतात. काल भाऊजी मुद्दाम येऊन सांगून गेले, "वयनी, याच्यात विचाराचं काय हाय? मानूस गेला, आता त्याचं नाव बी मातीत घालाचं काय?" मी पदर सारखा केला आणि चहा ठेवला.

तसं पाहिलं तर नातवाला आजोबांचं नाव ठेवायची आपल्या घरची रीतच आहे. जगदेवच्या आधीचा माझा थोरला, जो लहानपणीच गेला, त्यालाही माझ्या सासऱ्यांचं नाव होतं. ते नाव मी घ्यायचं नाही आणि माझ्या सासूनंही घ्यायचं नाही. माझ्या सासऱ्यांचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं नाव ना ते. म्हणून आम्ही दोघी त्याला बापू म्हणायचो. गावात जितके म्हणून बापू, नाना, आबा धुळीत खेळताना दिसतात, तितक्या घरांत एखादी सून तोंड मिटून बसलेली आहे असं समजावं. ही आपली गोमतीबाई, तिचे सासरे सोनाजी. तिनं जन्मात सोन्याला सोनं म्हटलं नाही, पिवळं म्हणते.

एकदा रामनवमीला आमचा सालदार सोमला आम्हाला पोहरादेवीच्या जत्रेला घेऊन गेला. तिथं बापू हातातून सुटला. चार वर्षांचा असेल. मी "बापू, बापू" करून ओरडले, तर रेवड्यांच्या दुकानापाशी सात-आठ पोरं वळून माझ्याकडे बघू लागली. सगळे बापूच! एक मोठ्या मिशांचे गृहस्थसुद्धा "काय वं माय?" म्हणत आले. आपला बापू त्यांच्याच मागे रेवडी चघळत उभा होता. हे त्यावर किती दिवस हसत होते.

तर माणिकचं मनावर घे. जगदेवजवळ तूच गोष्ट काढ, मी सुचवलं म्हणू नकोस. अंगाला वारं लागू देऊ नकोस, शेक चुकवू नकोस.

तुझी सासू,
तुळसाबाई


कामरगाव
मार्गशीर्ष शुद्ध तृतीया

चि. सौ. रुख्मिणीस आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. बाळाला खोकला झाला होता तो बरा झाल्याचं वाचून जिवात जीव आला. ओव्याची पुरचुंडी उशाशी ठेव. जगदेव कारंज्याला जिनात कापूस घेऊन गेला आहे. घरात मी एकटीच आहे, म्हणून आज निवांत लिहायला बसले.

तू फार जपून विचारलंस, पण विचारलंसच. मामंजींवर माझा काही राग होता का, म्हणून त्यांचं नाव मला घरात नको आहे? पोरी, तसं काही नाही. ते चांगले होते. तापट नव्हते, खोटे नव्हते. ते गेल्यापासून संध्याकाळी भाकरी थापताना मी रोज एक जास्तीची थापते आणि मग ती गाईला घालते. त्यांचं नाव मला नको आहे असं नाही. मला ते घेता येत नाही, आणि तुलाही येणार नाही. या घरात ज्या दोन बाया त्या लेकराला न्हाऊ-माखू घालणार, त्या दोघींनाही त्याचं नाव वर्ज्य.

नवऱ्याचं नाव घ्यायला निदान उखाणा तरी असतो. हळदीकुंकवाला, डोहाळजेवणाला चारचौघी आग्रह करतात आणि आपण लाजत-लाजत घेतो. सासऱ्याच्या नावाला उखाणा नाही. आणि नवरा गेला की बाईला उखाण्याचा आग्रह कोणी करत नाही.

गेल्या पत्रात मी तुला जत्रेची गोष्ट सांगितली. ती सांगायला सोपी आहे. घरात बापूची तेवढी एकच गोष्ट सांगितली जाते. जगदेवलाही तेवढीच ठाऊक असेल, तो तेव्हा लहान होता. बाकीची मी आजवर कोणाला सांगितली नाही. तुला सांगते, कारण बारशाला अजून अवकाश आहे आणि सांगून काही उपयोग झाला तर आताच होईल.

जगदेव झाला तेव्हा सासऱ्यांचं नाव आधीच थोरल्याला दिलेलं होतं, म्हणून धाकट्याचं नाव कोणाला सुचेना. शेवटी मीच सुचवलं आणि कोणी हरकत घेतली नाही. मग मला जसं काही वेडच लागलं. जगदेव ऊठ, जगदेव खा, जगदेव इकडं ये. काम असो नसो, हाक चालू. तू लग्न होऊन आलीस तेव्हा मला हसायचीस ना, की आत्याबाई विनाकारण हाका मारतात आणि लेक आला की "काही नाही, जा" म्हणतात? मी ऐकलं होतं ते. ती सवय तेव्हापासूनची आहे.

एकदा मी तुरीच्या शेंगा सोलत होते. बापू माझ्या पाठीला पाठ लावून बसला होता. बसल्या-बसल्या म्हणाला, "मा, तू जग्याले जगदेव म्हनतं. मले माह्या नावानं काहून नाही म्हनत?"

मी म्हटलं, "तू या घरचा मोठा मालक हायेस. मालकाले नावानं हाक मारतेत काय?"

तो म्हणाला, "मले मालक नाही व्हाचं." आणि उठून गेला. मी हसले. मला खरंच हसू आलं होतं, रुख्मिणी. संध्याकाळी मी ते सासूबाईंना सांगितलं, त्याही हसल्या.

त्याच वर्षी दसऱ्याच्या सुमारास मानमोडीची साथ आली. तुझ्या रिसोडलाही तिनं थैमान घातलं होतं, तुझ्या आईला विचार. आपल्या गावात सरणाला लाकूड पुरेना. बापूला ताप आला आणि पाहता-पाहता तो आम्हाला ओळखेनासा झाला. हे औषधासाठी कारंज्याला गेले होते, भाऊजी आपल्याच घरात तापानं पडले होते. भर दुपारची वेळ होती. मी बापूचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. समोर माझी सासू, प्रयागबाई, त्याचे तळपाय चोळत होती. गोमतीबाई दारात येऊन उभी राहिली. तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि मला म्हणाली, "अवं, हाक मार त्याले. नावानं मार. मायची हाक आयकू आली का लेकरू वळते."

मी "बापू" म्हणून हाक मारली.

"बापू नको म्हनू वं! गावात सतरा बापू हायेत. त्याच्या नावानं मार!"

नाव माझ्या ओठापर्यंत आलं होतं. मी समोर पाहिलं. सासूबाईंनी मान खाली घातली होती. त्या नको म्हणाल्या नाहीत, मार म्हणाल्या नाहीत. मी पुन्हा "बापू, बापू" करत राहिले. किती वेळ करत होते कोण जाणे. गोमतीबाईनंच येऊन माझ्या तोंडावर हात ठेवला.

नावानं हाक मारली असती तर तो जगला असता असं मी म्हणत नाही. मी चौथीपर्यंत शिकलेली आहे, मला कळतं. ज्या बायांनी नावं घेऊन टाहो फोडले त्यांचीही लेकरं गेली. पण त्यानं एक साधी गोष्ट मागितली होती. त्याला ती माझ्याकडून मिळाली नाही, आणि तो गेला. हे माझ्या काळजातून जात नाही. मला वाटलं होतं म्हातारपणी बोथट होईल. उलट आता जास्त टोचतं.

तेरवी झाल्यावर मी चुलीपाशी बसले होते. सासूबाई येऊन शेजारी बसल्या. म्हणाल्या, "मले बी वाटलं होतं वं, घ्या म्हून. जीभच नाही वळली." एवढंच. त्यानंतर त्या बारा वर्षं जगल्या. आम्ही दोघींनी पुन्हा तो विषय काढला नाही. तुला सांगते, ते तेरा दिवस मी त्यांना मनातल्या मनात दोष दिला होता, आणि त्या दिवशी मला त्यांचीच कीव आली. त्यांचाही तो नातू होता.

म्हणून म्हणते, माणिक ठेवा, नाही तर दुसरं काहीही ठेवा. तुला आवडत असेल तर पांडुरंग ठेवा, पांड्या झाला तर होऊ दे. फक्त जे नाव तुला दारात उभं राहून मोठ्यानं म्हणता येईल ते ठेवा. तू तुझ्या वडिलांना सांग. भाऊजींना मी सांगायला हवं, पण ते समोर आले की माझा हात पदराकडेच जातो. जगदेवला काय सांगायचं ते तुझं तू ठरव. हे पत्र दाखवलंस तरी चालेल.

तुझी,
तुळसाबाई


कामरगाव
मार्गशीर्ष वद्य दशमी

चि. सौ. रुख्मिणीस अनेक आशीर्वाद.

बारसं थाटात झालं असं भाऊजींनी येऊन सांगितलं. घुगऱ्या गोड होत्या, पाळणा छान सजवला होता, आणि त्यांच्या सुभद्रेनं आत्याच्या मानानं बाळाच्या कानात आजोबांचं नाव सांगितलं. मला हे सांगताना भाऊजींच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. भावावर त्यांचा जीव होता, ते खोटं नाही. मी त्यांना पुन्हा चहा दिला.

मग तुझं पत्र आलं. तू लिहितेस की वडिलांजवळ दोनदा विषय काढलास आणि ते म्हणाले, नाव हा सासरचा मान, आपण मध्ये पडायचं नाही. जगदेवला माझं पत्र वाचून दाखवलंस. तो म्हणाला, "काकाले आता कोन सांगन?" तू माझी क्षमा मागतेस. कशाबद्दल? मी पन्नाशीला टेकले तरी घरच्या घरात एक शब्द काढू शकले नाही, आणि तू तर विशीचीही नाहीस. तू दोनदा विषय काढलास, ते मला पुष्कळ आहे.

पत्राच्या शेवटी तू विचारलंस, "आत्याबाई, बाळाला हाक कशी मारू ते आता तुम्हीच सांगा. तुम्ही द्याल ते टोपणनाव."

टोपणनाव मी देणार नाही.

मागे इतकी नावं सुचवली, आणि आता एक मागितलं तर देत नाही, म्हणून रागावू नकोस. माणकू अजूनही माझ्या ओठावर आहे. ते दिलं तर तू आनंदानं घेशील, सगळे घेतील, वर्षभरात तो माणकू होऊन जाईल. मग त्याचं खरं नाव सुभद्रेचं, भाऊजींचं, शाळामास्तरांचं. आपलं नाही. मी हे एकदा केलं आहे.

नाव चांगलं आहे गं त्याचं. ठेवलं गेलं तर गेलं. आता ते त्याचं आहे, तुझ्या मामंजींचं राहिलं नाही. ते वरून पाहत असतील तर सुनेनं लेकराला हाक मारली म्हणून रागावणार नाहीत. त्यांना मी तुझ्यापेक्षा जास्त ओळखते. परशराम. हे बघ, मी लिहिलं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा उखाण्याशिवाय लिहिलं, आणि घराचं आढं जागच्या जागी आहे.

तू आज दार लावून त्याच्या कानाशी म्हण. उद्या दार उघडं ठेवून म्हण. पहिल्यांदा कोणी ऐकलं तर जीभ चावतील, बाया कुजबुजतील, तुझी आईसुद्धा तुला रागावेल. तिला सांग की सासूनं सांगितलं आहे. माझ्यावर ढकल सगळं. मी पौष लागायच्या आत रिसोडला येते. बारशाला विधवेचं काम नव्हतं, नातवाला उचलून घ्यायला तर आहे? भाऊजी बरोबर येणार म्हणतात. येऊ देत. त्यांच्यासमोर मी नातवाला त्याच्या नावानं हाक मारीन. तोंडातून शब्द निघाला नाही तर तू माझ्या पाठीत एक चिमटा काढ.

परवा वेचणी संपली. बाया भाकरी खायला बाभळीखाली गेल्या. मी एकटीच शेताच्या कडेला धुऱ्यावर उभी होते. मनात आलं, रिसोडला जायचं तर आधी सवय करावी. पण ओठांवर नातवाचं नाव आलंच नाही. थोरल्याचं आलं. पहिल्यांदा नुसतं पुटपुटले. मग हाक मारली. आवाज असा निघाला की मलाच ओळखू येईना.

सोमलाची हिरीबाई घागर घेऊन मागून येत होती, ते मी पाहिलंच नव्हतं. ती थांबली आणि म्हणाली, "कोनाले हाका मारून राह्यली, बाई?"

मी म्हटलं, "माह्या पोराले."

ती माझ्याकडे बघतच राहिली. जगदेव तर समोर गाडीवर बसलेला तिला दिसत होता. तरी ती म्हणाली, "लई दूर गेला काय?"

"लई दूर."

"मंग जोरानं मार नं वं," ती म्हणाली आणि घागर घेऊन बाभळीकडे गेली.

मी जोरानं मारली. आणखी मारली. शेतातले होले उडाले, गाडीवरून जगदेवनं वळून पाहिलं. तो खाली उतरला आणि माझ्याजवळ येऊन उभा राहिला. ते नाव माझ्या तोंडून त्यानं कधी ऐकलं नव्हतं. कोणीच ऐकलं नव्हतं. ज्यानं ऐकायला पाहिजे होतं त्याला ऐकू गेलं की नाही, कोण सांगणार? मी आपली मारली.

तू उशीर करू नकोस, रुख्मिणी. तुझा तुझ्या मांडीवर आहे.

तुझी सासू, परशरामची आजी,
जगदेवची आई,
आणि शालिग्रामची आई,
तुळसाबाई